धुळवडीची झडती

काशीकाकूंनी माझ्या शेगडीवरचं भांडं उचलून नेलं तेव्हा आमची धड ओळखसुद्धा झालेली नव्हती.

लग्न होऊन लोणावळ्याला येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. धुळवडीची सकाळ होती. शेगडीवर पावट्याची उसळ रटरटत होती, शेजारी तव्यावर बाजरीची भाकरी फुगत होती आणि त्या वासानं मी माहेरच्या आठवणीत थोडी हळवी झाले होते. तेवढ्यात एक ठेंगणी, काटक, नऊवारीतली बाई दारातून सरळ आत आली. हाक नाही, नमस्कार नाही, 'आहे का कुणी घरात' नाही. तिनं उसळीवरचं झाकण उचललं, वास घेतला आणि डब्यात उंदीर सापडावा तशा आवाजात म्हणाली, "अजून पावटा?"

"हो. का?" मी म्हटलं.

"काल होळी पेटली ती दिसली नाही?"

"दिसली."

"होळी जळाली, थंडी पळाली. आणि ही बाई बाजरी भाजत बसलीय. ऋतू काय तुझ्या बापाच्या घरी पाणी भरतो?"

एवढं बोलून तिनं पदर खोचला, फडक्यानं उसळीचं भांडं धरलं, मांडणीखालचा बाजरीचा डबा बरोबर हुडकून कमरेवर घेतला आणि चालायला लागली. तव्यावरची भाकरी तेवढी वाचली, कारण ती धरायला तिला तिसरा हात नव्हता.

मी शिरूरकडची. आमच्याकडे बाजरीला नावं ठेवणाऱ्याला पाटावर बसू देत नाहीत. ती बाजरी माझ्या वडिलांनी स्वतः पाखडून, निवडून माझ्याबरोबर दिली होती. मी तशीच पिठाच्या हातांनी शेजारी शिंदेबाईंकडे गेले. त्यांचे यजमान इंजिनावर होते आणि त्या स्वतःही वाफेवर चालल्यासारख्या बोलायच्या, म्हणून वाटलं, ह्या काहीतरी करतील. म्हटलं, "बाई, दिवसाढवळ्या चोरी झाली." शिंदेबाई एक रिकामा डबा धुऊन उन्हात पालथा घालत होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे आत्ता आल्या होय? आमच्याकडे सातलाच येऊन गेल्या."

बाजारामागच्या त्या चाळीत काकू सोडून आम्ही आठ बिऱ्हाडं होतो आणि आठही बिऱ्हाडांना धुळवडीची झडती चुकत नव्हती. बाजरी, पावटा, वाल, तीळ, उरलासुरला तिळगूळ, सगळं जप्त. कुणी विचारलं, की काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. त्यांचे यजमान लोणावळा स्टेशनवर सांधेवाले होते. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घालायची तर सांधा बदलावा लागतो, ते त्यांचं काम. ते वारून कितीतरी वर्षं झाली होती, पण काकूंच्या बोलण्यात सांधा राहिला होता. "थंडीचा रूळ संपला. आता उन्हाळ्याचा रूळ. मध्ये सांधा आहे. सांध्यावर गाडी कुणाची घसरते? ज्याला वाटतं, जुन्याच रुळावर अजून थोडं जावं. बाजरी उष्ण. फाल्गुनात खाल्लीस तर चैत्रात नाकातून रक्त येईल, मग माझ्याकडे यायचं नाही कांदा हुंगायला."

मी म्हटलं, "काकू, अहो इथं अजून पहाटे शाल लागते."

"शाल अंगावर घ्यायची. पोटात कशाला घालतेस?"

माझे हे पार्सल ऑफिसात होते. मी त्यांच्याकडे तक्रार केली, तर म्हणाले, "म्हातारी बाई आहे, जाऊ दे." घरातला पुरुष 'जाऊ दे' म्हणतो तेव्हा जे गेलेलं असतं ते नेहमी बाईच्या डब्यातलं असतं, हे मला त्या वर्षी कळलं.

दुसऱ्या दिवशी काकू आमचं भांडं परत घेऊन आल्या. लखलखीत घासलेलं. आणि वर एक वाटी झाकलेली. "कुयरीची भाजी आहे. आता हे खायचे दिवस," म्हणाल्या आणि माझ्या तोंडाकडे न बघता गेल्या.

कुयरी म्हणजे फणसाचं अगदी कोवळं, मुठीएवढं फळ. मी ते त्याआधी कधी खाल्लं नव्हतं. खरं म्हणजे मी ती वाटी परत करणार होते. पायलीभर बाजरी न्यायची आणि वाटीभर भाजी द्यायची, हा कुठला न्याय? पण झाकण काढलं आणि हात थांबला. कुयरी हळद घालून शिजवून, ठेचून तिचे रेषे रेषे मोकळे केले होते. वर मोहरीची आणि सुक्या मिरचीची फोडणी, ओलं खोबरं, गुळाचा एवढासा खडा, आणि मधे मधे भिजवून शिजवलेले पावटे. पावटे! चाळीतूनच जप्त केलेले असणार. मी रागानं ते पावटे मोजून खाल्ले. भाजी उत्तम होती. त्यामुळे राग आणखी वाढला.

नंतरच्या महिनाभरात त्या तशाच वाट्या पाठवत राहिल्या. कधी चिंचेच्या कोवळ्या पाल्याचं, चिगुराचं वरण, कधी कांचनाच्या कळ्यांची भाजी, कधी हिरव्या करवंदांचं लोणचं. प्रत्येक वाटीबरोबर एक उपदेश. कुयरी चिरायची तर हाताला आणि विळीला तेल लावायचं, नाहीतर चीक तीन दिवस जात नाही. चिगुर दोन बोटांत मोडला पाहिजे, मोडला नाही तर तो गुरांना घालायचा. मी शिकून घेतलं. शिकताना कपाळावरची आठी मात्र मोडू दिली नाही.

काकूंची दुसरी खोड मला जास्त झोंबायची. त्या कुणाच्याही घरी घासभरसुद्धा खात नसत. बारसं असो, सत्यनारायण असो, पानावर बसायच्या नाहीत. संक्रांतीचा तिळगूळ हातावर ठेवला तर पदराला बांधून न्यायच्या. मी एकदा पुरणपोळी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. "उपास आहे," म्हणाल्या. मी विचारलं, "आज कसला उपास?" म्हणाल्या, "माझा." आणि दार लावून घेतलं. आम्ही दिलेलं नको आणि आमचं उचलून न्यायला मात्र हात पुढे. चाळीत त्यावर नाही नाही ते बोललं जायचं. शिंदेबाईंचं म्हणणं, काकू बाजरी गपचूप विकतात. कुणी म्हणायचं, स्वतःच खातात. मी एकदा तोंडावर विचारलं, "काकू, बाजरी उष्ण आहे ना? मग आमची नेलेली तुम्हाला कशी चालते?"

"ज्याची त्याला चालते," त्या म्हणाल्या आणि गोधडीत टाके घालत राहिल्या. लोकांच्या गोधड्या शिवून त्यांचं चालायचं.

दुसऱ्या वर्षी शिंदेबाईंनी तिळाचे लाडू ट्रंकेत शालूच्या घडीखाली लपवले. काकूंनी खोलीच्या मधोमध उभं राहून दोनदा नाकानं श्वास घेतला आणि सरळ ट्रंक उघडली. वर म्हणाल्या, "शालूला कसर लागलीय, ऊन दाखव." शिंदेबाई तीन दिवस जेवल्या नाहीत. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, आता ह्या बाईला धडा शिकवायचा.

धडा साधा होता. जप्त करायला काही उरलंच नाही तर झडती कसली? तिसऱ्या वर्षी माघ लागला आणि मी आठही घरांत फिरून सगळ्यांना पढवलं. होळीच्या आत सगळं संपवायचं, दाणासुद्धा ठेवायचा नाही. मग काय विचारता. सकाळी बाजरीची भाकरी, संध्याकाळी बाजरीचा खिचडा, मधे बाजरीच्या वड्या. पावटा उसळीत, पावटा भातात, पावटा पिठल्यात. हे एक दिवस ताटावरून उठत म्हणाले, "तुमच्या लढाईत माझ्या पोटाचं मैदान केलंय." मी म्हटलं, "जाऊ द्या."

धुळवडीला सकाळी आम्ही आठही जणी आपापल्या दारात उभ्या होतो. डबे घासून, पुसून, उघडे मांडून ठेवले होते. काकू पहिल्या घरात शिरल्या आणि रिकाम्या हातांनी बाहेर आल्या. दुसऱ्या घरातून तशाच. शिंदेबाईंनी ट्रंकसुद्धा उघडून ठेवली होती. माझं घर शेवटचं. काकू आत आल्या, मांडणीखालचा डबा उचलला, पालथा केला, त्याच्या बुडावर बोटांनी वाजवून बघितलं.

"एवढी बाजरी कुठं गेली?"

"पोटात गेली, काकू. होळीच्या आत. तुमच्याच नियमानं."

मला वाटलं होतं, त्या चिडतील. मी त्यासाठी चार उत्तरं तयार ठेवली होती. त्या नुसत्या म्हणाल्या, "बरं केलंत," आणि डबा होता तिथं ठेवून गेल्या. जाताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. बाहेर आम्ही तोंडाला पदर लावून हसलो. शिंदेबाईंनी सगळ्यांना चहा पाजला. लग्नानंतर मला इतका आनंद पहिल्यांदाच झाला होता, आणि तो बरोबर दुपारी बारापर्यंत टिकला.

बाराला मी मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसले होते. पडवीला मधे नुसता कुडाचा आडोसा. पलीकडे काकूंचं परस. तिथं डोक्यावरची पाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. फटीतून पाहिलं तर डोंगरावरच्या ठाकरवाडीतली सोमी. धुळवडीला वाडीवरची माणसं खाली बाजाराला येत, त्यामुळे तिला मी तोंडओळखीनं ओळखत होते. पाटीत कुयऱ्या होत्या, चिगुराचा भारा होता, पानात बांधलेल्या कांचनाच्या कळ्या होत्या. आमच्या घरी येणाऱ्या सगळ्या वाट्या त्या पाटीत होत्या.

"आक्का, बाजरी काडा. लय ऊन झालंय, जाया हवं," सोमी म्हणाली.

"औंदा बाजरी नाही."

"आँ? आन पावटा?"

"तोही नाही. पोरी शहाण्या झाल्या." काकूंचा आवाज मला ओळखू येईना. "थांब, माझे तांदूळ आहेत ते ने."

मडक्यावरचं झाकण वाजलं. सोमीनं आत डोकावून पाहिलं.

"ह्यात हाय काय, आक्का? ह्ये न्हेलं तर तुमी काय खानार?"

"ते तुला काय करायचंय? सौदा आहे. कुयरी ठेव आणि तांदूळ उचल."

"न्हाई. ह्यो सौदा न्हाई." सोमीनं पाटी पुन्हा डोक्यावर घेतली. "फुकाट मला नगं, आन तुमचं मडकं रिकामं करून तर आजाबात नगं. बाजारात इकते."

"बाजारात पैसे देतील. वाडीवर पैसे शिजवशील? तिथं दुकान आहे का?"

"न्हाई. पर आसं बी न्हेत न्हाई मी." ती दोन पावलं गेली आणि थांबली. "वाडीव नाचनी सरली, आक्का. वरई बी सरली. पोरं आत्ताशिकच कंद उकरायला जात्यात. आट दिसानं येते म्या पुन्यांदा. बगा काय जमतंय का."

ती गेली. मी सुपातले तांदूळ तसेच टाकून आडोशाला वळसा घालून काकूंच्या परसात गेले. मला लाज वाटली होती, हे खरं. पण लाजेपेक्षा मोठा राग आला होता आणि तो मी बोलून दाखवला.

"काकू, तीन वर्षं आम्ही तुम्हाला चोर म्हणतोय. एका शब्दानं सांगितलं असतं, तर आम्ही दिलं नसतं का?"

"दिलं असतंस. म्हणून तर नाही सांगितलं."

"म्हणजे?"

त्या मडक्यावर झाकण ठेवून त्याच्याशेजारीच खाली बसल्या. "मी मामाकडे वाढले. कार्ल्याला. आईबाप गेले तेव्हा मी सहा वर्षांची. मामानं कधी उपाशी ठेवलं नाही हो. पण भाकरी वाढताना मामी म्हणायची, खा गं, दिलंय तर खा. रोज म्हणायची. दहा वर्षं. दिलेला घास घशात कसा बसतो, ते तुला नाही कळायचं. तू बापाघरची बाजरी खाऊन आलीस."

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"तुम्ही आठजणी सोमीला द्यायला लागलात की पहिल्या वर्षी पायली द्याल, दुसऱ्या वर्षी फोटो काढाल, तिसऱ्या वर्षी तिला म्हणाल, भांडी घासून जा. मला ठाऊक आहे. आत्ता ती मान वर करून येते. कुयरी तिची, बाजरी माझी. बरोबरीचा व्यवहार."

"पण बाजरी तुमची नव्हती. आमची होती."

"म्हणून तर झडती," काकू म्हणाल्या, जणू मीच मठ्ठ होते. "तुम्ही मला शिव्या घालता की नाही? घालता. भरपूर घालता. झालं मग, फिटलं. उपकार कुणाचा कुणावर राहिला नाही. आणि हो, तुझी पहिल्या वर्षीची ती उसळ सोमीनं इथंच बसून खाल्ली होती. तिखट होती म्हणाली."

माझ्या उसळीला आजवर कुणी तिखट म्हटलेलं नाही. पण ती वेळ त्याची नव्हती.

त्याच संध्याकाळी मी वडिलांना पत्र घातलं, एक पोतं बाजरी ताबडतोब पार्सलनं पाठवा. चाळीत कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शिंदेबाईंनी वर्गणी काढली असती, आणि मग काकूंनी ती बाजरी गटारात ओतली असती. सहाव्या दिवशी पोतं आलं. ह्यांनी ते स्वतः सोडवून हमालाबरोबर घरी पाठवलं. बरोबर वडिलांची चिठ्ठी होती, 'होळीनंतर बाजरी मागणारी मुलगी आपल्या घराण्यात पहिलीच. तब्येत बरी आहे ना?'

आता प्रश्न असा, की ती बाजरी द्यायची कशी? दिलेली तर चालत नव्हती.

आठव्या दिवशी सकाळी मी पोतं ओढून स्वयंपाकघराच्या मधोमध आणलं आणि तोंड सोडून ठेवलं. दार सताड उघडलं. मग घरच्या जात्यावर चार मुठी दळली, पीठ मळलं, भाकरी थापली आणि तव्यावर टाकली. पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्यावर उभी केली. ती टम्म फुगली आणि वास चाळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. न आल्या तर?

पावलं वाजली. काकू दारात आल्या. त्यांनी पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. फाल्गुन संपत आलेला आणि घरात काठोकाठ भरलेलं बाजरीचं पोतं. त्यांना सगळं कळलं, हे मला कळलं. क्षणभर वाटलं, त्या तशाच माघारी जाणार.

मग त्यांनी पदर खोचला.

"अजून बाजरी?"

"माझ्या बापानं पाठवलीय," मी ओरडले. "हात लावायचा नाही."

"पोतंभर? ह्या दिवसांत? लाज नाही वाटत, शिरूरकरणी?"

"तुम्हाला वाटते का, दुसऱ्याच्या घरात शिरताना?"

असे भांडलो, की सगळी चाळ दारात गोळा झाली. मी त्यांचा सांधा काढला, त्यांनी माझं माहेर काढलं. शिंदेबाई माझ्या बाजूनं खऱ्याखुऱ्या संतापानं भांडत होत्या आणि म्हणत होत्या, पोलिसांना बोलवा. काकूंनी पोत्याचं तोंड दोरीनं आवळलं आणि ते फरफटत उंबऱ्याबाहेर काढलं. मी पोत्याचं दुसरं टोक धरून मागे ओढल्यासारखं केलं. खरं तर ढकलत होते, कारण त्यांच्या एकटीच्यानं ते हलेना.

पोतं त्यांच्या दाराशी लागलं, बायका हात नाचवत घरी गेल्या. मी घामाघूम होऊन शेगडीपाशी येऊन बसले. पाठोपाठ काकू पुन्हा आत आल्या.

भिंतीला टेकून खाली बसल्या. ताटात ती भाकरी होती, अजून वाफ निघत होती. 'घ्या ना, काकू' हे शब्द माझ्या अगदी ओठावर आले होते. आयुष्यात मी एकदाच जीभ चावून शहाणपणा केला तो तेव्हा. त्यांनी हात पुढे केला, भाकरी मोडली, अर्धी घेतली आणि खाऊ लागल्या. मी दिली नाही. त्यांनी घेतली. तीन वर्षांत त्यांनी कुणाच्या घरात खाल्लेला तो पहिला घास होता, आणि त्या तो लहान मुलासारखा दोन्ही हातांत धरून खात होत्या.

मला तिकडे बघवेना. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि उगाच शेगडी फुंकत बसले. निखारे चांगले धगधगत होते, तरी फुंकत बसले. डोळ्यांत धूर गेला म्हणायला बरं. बऱ्याच वेळानं मागे वळले तेव्हा उरलेली अर्धी भाकरीही ताटात नव्हती आणि काकू दारात पोचल्या होत्या.

"सोमी यायची वेळ झाली. उद्या कुयरी पाठवते," त्या म्हणाल्या. मग उंबऱ्यावर थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाकरी जाड झाली होती."

त्यानंतर काकू होत्या तोवर दर धुळवडीला माझ्या घरात बाजरीचं पोतं निघालं, दर वर्षी आम्ही चाळ गोळा होईपर्यंत भांडलो, आणि दर वर्षी ताटातली एक भाकरी चोरीला गेली. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण जाड नव्हती. मी शिरूरची आहे. ती भाकरी जाड नव्हती.